नानांनी जाहीर केलेली सून

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा आणि नात्याने माझे थोरले दीर, आदरणीय तोतारामनाना, प्रमुख पाहुणे गटशिक्षणाधिकारी साहेब, व्यासपीठावरील सर्व संचालक मंडळी, मुख्याध्यापक भूषण सर, माझे सहकारी, जागा नाही म्हणून खिडक्यांत बसलेले माझे माजी विद्यार्थी, आणि जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो.

सत्काराला उत्तर देताना चार शब्द गोड बोलायची पद्धत आहे. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं एवढं मोठं घड्याळ मिळालं. घरी बसणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात ते मला आजवर कळलेलं नाही, पण घड्याळ सुरेख आहे. भूषण सर बोलता बोलता डोळे पुसायला लागले. सातवीत हा मुलगा माझ्या तासाला भूमितीची वही विसरला म्हणून असेच डोळे पुसत होता. सर, मनापासून आभार. या सगळ्याचे आभार मानणारं भाषण मी घरून लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

अध्यक्षांनी सगळ्यांच्या शेवटी बोलायचं असतं. नानांना तेवढा धीर धरवला नाही. माझ्या खांद्यावर शाल ठेवली आणि लगेच माईक हातात घेतला. जे दारात उशिरा आले त्यांच्यासाठी सांगते, नाना काय म्हणाले. म्हणाले, "कुंदाबाईंनी आयुष्यभर या शाळेची सेवा केली. त्यांचा दीपक जन्मापासून अंथरुणावर आहे. बाईंच्या माघारी त्याचं कोण करणार, ही काळजी आज आम्ही मिटवतो आहोत. आम्ही दीपकसाठी मुलगी बघितली आहे. निंबाभाऊंची रत्ना. लग्नाचा सगळा खर्च, मांडवापासून जेवणावळीपर्यंत, माझा." आणि वर हसत हसत म्हणाले, "रत्नाला नर्सिंग शिकायचंच होतं, आता घरातच करील."

तुम्ही हसलात. मग टाळ्या वाजवल्यात. मागून कुणीतरी "पुण्याचं काम" असंही म्हणालं. आवाज मी ओळखला आहे, नाव घेत नाही. मी नानांच्या कानात विचारलं, नाना, हे काय? तर म्हणाले, नंतर बोलू, लोक टाळ्या वाजवताहेत. नंतर कशाला? लोकांसमोर जे जाहीर झालं त्याचं उत्तर लोकांसमोरच दिलेलं बरं.

मला राग आलेला आहे. तो लपवायचं वय आता राहिलेलं नाही.

दीपकला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे, पण दारातून. तो सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला बसता येत नाही, बोलता येत नाही. एका हाताने मान धरायची आणि दुसऱ्या हाताने चमच्याने भरवायचं, नाहीतर ठसका लागून जीव घाबरा होतो. लंगोट बदलायचा. तासा-दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ढोल-ताशे, फटाके वाजले की झटका येतो. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. कुकरची शिट्टी झाली की माझा मुलगा खदखदून हसतो, आणि म्हणून मी डाळ दोनदा लावते. पण नाना, ज्याला ताशाचा आवाज सोसत नाही त्याचं लग्न तुम्ही लावणार कसं होतात? औषध पाजून, झोपेतच मुंडावळ्या बांधून? लग्न म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. त्याला कुणी विचारलं नाही, मला विचारलं नाही, आणि रत्नाला तर विचारण्याचा प्रश्नच कुठे येतो.

निंबाभाऊ तिसऱ्या रांगेत बसले आहेत, नवी टोपी घालून. साक्रीकडचा माणूस, केळीच्या कामाला म्हणून फैजपूरला आला आणि इथलाच झाला. निंबाभाऊ, तुमच्यावर माझा राग नाही. मघाशी दारात तुम्ही मला म्हणालात, "बाई, पोर सुखमा राही. पक्कं घर शे, दोन येळ जेवण शे. आखो काय जोयजे?" पोर सुखात राहील, आणखी काय पाहिजे, हे ऐकून मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या स्थळाबद्दल बोलताय. मी म्हटलं, वा, छान झालं. ते माझंच घर होतं, हे मला स्टेजवर कळलं.

तुम्ही घड वाहता, निंबाभाऊ. नानांच्या बागेतला घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेता. त्याची मजुरी मिळते ना? मिळते. कमी मिळते, पण मिळते. नानांच्या बागेला राखणदार आहे, त्यालाही पगार आहे, दिवाळीला कपडे आहेत. म्हणजे केळीचा घड उचलायचे पैसे आहेत. माझ्या दीपकला उचलायचे पैसे नाहीत, कारण ते काम सुनेनं करायचं आहे. दिवसा करायचं, रात्री करायचं, सणाला करायचं, स्वतः तापाने फणफणली तरी करायचं, आणि मी मेल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं करायचं. पगारी बाई ठेवली तर परवडत नाही, म्हणून गळ्यात मंगळसूत्र घालून आणायची. याला तुम्ही काळजी मिटवणं म्हणता? काळजी माझ्या डोक्यावरून उचलली आणि एका गरीब माणसाच्या एकवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवली, एवढंच झालं. नानांची नात पुण्याला शिकते. तिच्यासाठी असं स्थळ घेऊन कुणी आलं असतं, तर नानांनी त्याला चहा तरी विचारला असता का?

नाना, खाली बघू नका. मला तुमचा अपमान करायचा नाही. माझे मालक गेले तेव्हा तुम्ही पाठीशी उभे राहिलात, या शाळेत मला तुम्हीच घेतलंत. ते मी विसरलेले नाही. पण आज तुम्ही जे दिलंत ते देणं तुमचं नव्हतंच. रत्ना काय तुमच्या बागेतली आहे?

आता दुसरं. बाईंनी आयुष्यभर शाळेची सेवा केली, सेवा केली, असं आज सगळेच म्हणाले. मी शाळेत येऊ शकले ती कुणाच्या जिवावर? मेहरुनच्या. आपल्या गादीवाल्या नजीरभाईंची बायको. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती दीपकजवळ असते. ती उपकार करायला येत नाही, कामाला येते. एक तारखेला पगार, रविवारी सुटी, ईदला सुटी आणि वर बक्षिसी. पाच वाजले की चप्पल घालते आणि आपल्या घरी जाते. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात मला म्हणाली होती, "बाई, पाच म्हणजे पाच. माझीही पोरं वाट बघतात." मला तेव्हा ते जरा लागलं होतं. नंतर कळलं की ती इतकी वर्षं टिकली ती त्या पाच वाजण्यामुळेच. तिचा जीव नाही का दीपकवर? तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. पगार घेतला की माया कमी होते, असं कुणी सांगितलं? मीही पगार घेऊनच शिकवलं, तरी भूषण सरांना रडू आलंच ना.

मेहरुनचे गुडघे आता गेले. पुढच्या महिन्यात ती थांबते आहे. ही गोष्ट मी घरी जाऊबाईंना सांगितली, ती नानांच्या कानावर गेली आणि त्यातून ही सून निघाली.

माझ्याकडे पगार होता म्हणून मला मेहरुन मिळाली. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करावं? मागे आम्हा शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला पाठवलं होतं, जामनेरकडच्या एका गावात. दुपारची वेळ, एका घराला नुसती कडी. आतून आवाज आला म्हणून कडी काढली. सात-आठ वर्षांची, काहीच समज नसलेली मुलगी खाटेच्या पायाला दोरीने बांधलेली. आईबाप दोघं कापूस वेचायला गेलेले. मी तिथेच बसून राहिले, म्हटलं, येऊ दे त्या बाईला, चांगली खरडपट्टी काढते. आणि मग माझं लक्ष दोरीकडे गेलं. कमरेभोवती जिथे दोरी येते तिथे मऊ लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, काचू नये म्हणून. बाई आली. माझ्याकडे न बघता आधी दोरी सोडली, मुलीला पाणी पाजलं आणि मला म्हणाली, "घरी राहिले तर खायचं काय?" साहेब, तुमच्याजवळ याचं उत्तर आहे का?

मग पैसे कुणी द्यायचे? मला एक मोठे अधिकारी एकदा म्हणाले होते, तुम्ही जन्म दिला, तुम्हीच निस्तरा. आपले साहेब नव्हेत, घाबरू नका. मी त्यांना विचारलं, माझ्या दारासमोर रस्त्यावरचा दिवा आहे, त्याचं बिल मी एकटी भरते का? असं मूल कुणाच्याही घरी येऊ शकतं. उद्या या सभागृहातल्या कुणाच्याही घरी नातू म्हणून येऊ शकतं. जे कुणावरही येऊ शकतं त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा, त्यासाठीच सरकार असतं, त्यासाठीच आपण कर भरतो. आज निराधार म्हणून जे महिन्याला हातावर टेकवतात त्यात लंगोटसुद्धा येत नाहीत. माझ्या माघारी माझं निवृत्तिवेतन दीपकला मिळेल, ते मी करून ठेवलंय. पण निवृत्तिवेतन काही कूस बदलत नाही. त्याला माणूस लागतो. त्या माणसाला शिकवावं लागतं, पगार द्यावा लागतो, पाचला घरी सोडावं लागतं आणि त्याच्या जागी दुसरं माणूस यावं लागतं. हे सरकारनं द्यायला पाहिजे, जन्मभर द्यायला पाहिजे. साहेब, नुसती मान हलवू नका, लिहून घ्या.

आणि सरकार देईल तेव्हा देईल म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. आपल्या संस्थेचं जुनं वसतिगृह आहे. चार मोठ्या खोल्या, विहीर, मोकळं अंगण. त्यात आज काय आहे? केळीची रिकामी खोकी. शाळेच्या अनुदानासाठी नाना उपोषणाला बसले होते, मीही बसले होते, आठवतंय ना? मग या मुलांसाठी का नाही बसायचं? खोकी बाहेर काढा. चार पगारी बायका, दोन पगारी बाप्ये ठेवा. माझा दीपक येईल, त्या खाटेला बांधलेल्या मुलीसारखी असतील तीही येतील. अनुदान मागायला मी पुढे चालते. तसाही आता मला वेळच वेळ आहे, घड्याळही आहे.

रत्ना, आता तुझ्याशी बोलते. लाजू नकोस, वर बघ. तुला बारावीपर्यंत मी गणित शिकवलं. मघाशी, नानांचं बोलणं झाल्यावर, तू मला गुच्छ द्यायला वर आलीस, वाकून नमस्कार केलास आणि माझ्या कानात काय म्हणालीस ते या सगळ्यांना सांगू? तू म्हणालीस, "बाई, काळजी करू नका. मी सांभाळीन दीपकदादाला."

ऐकलंत का सगळ्यांनी? दीपकदादाला. लहानपणापासून ज्याला दादा म्हणते, माझ्याकडे शिकवणीला आली की ज्याच्या तोंडावरची माशी हाकलायची, त्याच्याशी तुम्ही तिचं लग्न ठरवलंत. आणि ही पोरगी, ही माझीच इच्छा आहे असं समजून, हो म्हणून बसली.

रत्ना, हे लग्न होणार नाही. सून म्हणून आलीस तर मी दार उघडणार नाही, हे व्यासपीठावरून सांगते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाई मनातून राजी होत्या. तू नर्सिंगला जळगावला जा. तुझा प्रवेश होईपर्यंत आणि नंतरही सुटीत, तुला वाटलं तर, फक्त तुला वाटलं तर, माझ्याकडे कामाला ये. मेहरुन शिकवील तुला मान कशी धरायची ते. एक तारखेला पगार, रविवारी सुटी. लग्न तुला पाहिजे तेव्हा आणि पाहिजे त्याच्याशी कर, मी आहेर घेऊन येईन.

भाषण लांबलं. माझा हात कधी हलका नव्हता हे तुम्हाला ठाऊक आहे, आज जीभही नव्हती. शाळेनं मला भाकरी दिली, मान दिला, त्याबद्दल संस्थेची, सहकाऱ्यांची आणि खिडकीतल्या त्या सगळ्या मुलांची मी ऋणी आहे. वडीलधाऱ्यांसमोर बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. जे बोलले ते मात्र परत घेणार नाही.

नाना, अध्यक्षीय समारोपासाठी मला थांबता येणार नाही, त्याची माफी असावी. पाच वाजत आले, मेहरुनची सुटी होते. माईक तुमच्याकडे देते. लग्नाचा सगळा खर्च माझा, असा शब्द तुम्ही या सभागृहाला दिला आहे. तो मोडू नका. मांडवाचे, ताशाचे, जेवणावळीचे पैसे धरून दीपकजवळ बसणाऱ्या बाईला महिन्याला पगार किती देणार, तेवढं या लोकांना सांगा. आता वाजवू द्या त्यांना टाळ्या.