बांधावरची माशी

जानकू : जालिंदर, पंप खाली ठिव. तुला एका माशीची गोष्ट सांगतो, मंग मार तुझं तणनाशक.

जालिंदर : नाना, टाकी भरून आणलीय. उद्या पल्याड टमाट्याची रोपं लावायचीत, आन् तुमच्या बांधाचं गवत पार कंबरंला लागलंय. लोक हसत्यात मला. म्हणत्यात, तुजा चुलता माश्या पाळतो.

जानकू : पाळीत नाय रं, बघतो. ती बघ त्या काडीवर. दोऱ्यावानी बारीक.

जालिंदर : डास हाय त्यो.

जानकू : डासाला धरून खाती ती! गवतातनं गप तरंगत येती, बसलेलं चिलट उचलती, आन् पुढच्या पायांनी काडीला लोंबकाळून निवांत खाती.

जालिंदर : मंग? टीव्ही बघा की. काकी गेल्यावर तुमच्या लेकानं आणून दिलाय ना भोसरीवरनं?

जानकू : त्यातली माणसं लई बोलत्यात. मला कुणी काय इचारीत नाय.

जालिंदर : आन् माशी इचारती?

जानकू : न्हाई. पर कॅनॉल आला, चरायला रान ऱ्हायलं नाय, मेंढरं इकली. डोळ्याची सवय कुठं इकू? तिन्हीसांजंला वाघुरीच्या जाळीत मेंढरं शिरली, की तोंडावरनं वळखायचो एकेक. तसंच ह्या काडीवरलीला वळखाया लागलो. भुरी नाव ठिवलं.

जालिंदर : माशीला?

जानकू : हसू नगं. महिनाभर रोज म्हणायचो, आली का भुरे. परवा बघतो, तर त्या काडीवर दोन. आज तीन. समद्या सारख्याच!

जालिंदर : मंग भुरी कंची?

जानकू : तेच तर. मेली आसंल कवाच. मी रोज दुसऱ्याच कुणाशी बोलत व्हतो.

जालिंदर : ...नाना, मंग आता कशापायी राखताय ह्ये गवत?

जानकू : बोलाय कुणी लागतंय, लेका. तू शेजारच्या वावरात आसतोस, पर बांध वलांडून येतोस ते फवारायलाच.

(जालिंदर पंपाचे पट्टे खांद्यावरनं उतरवतो.)

जालिंदर : रोपं थांबायची न्हाईत, नाना. गवत मारावंच लागंल.

जानकू : मार की. मी कुठं नाय म्हणतोय? पर आदी हितं टेक. एवढी एक तिन्हीसांज माझ्यासंगं बघ.