मध्यभागी कारंजे

न्हाई न्हाई सायेब, तुमी बसा तरी — कुऱ्हाड आणायलाच गेलाय मौला, येईल आता. घर लांब न्हाई त्याचं, पर वाटंत चावडी हाय, चावडीत माणसं हायत, आन मौला पडला बोलका — म्हणून म्हणतो, बसा. त्या बाकावर नगं, नानासो बसल्यापासनं त्याचा एक पाय हलतोय. ह्यो गोल कट्टा बरा. विजार मळंल म्हणून पोतं टाकलंय, त्याच्यावरच बसा. टोचतंय? दगड असंल एखादा, सरका जरा. हां. आता गार वाटतंय का न्हाई? मग. ह्याच करंजाची सावली हाय ती. म्हंजे तुमी तोडाय आलासा त्याच झाडाची — न्हाई, मी आपलं नुसतं सांगितलं.

काय म्हणालासा — इथं झाड कुणी लावलं? आता घ्या. तुमीच लावाय सांगितलंसा की. आठवत न्हाई? लढाई ऐन भरात होती तवा तुमी पुण्याहून आलासा, डोक्यावर ही टोपी — व्हय, हीच, तवा पांढरी होती — आन या माळावर बाभळीबिगर काय नव्हतं. तुमी ह्या बागंचा नकाशा पसरलासा, वारं त्याला उडवाय लागलं, म्हणून कोपऱ्यांवर धोंडं ठेवलंसा. एका कोपऱ्याला धोंडा कमी पडला, तर माझ्या भावानं तो पायानं दाबून धरला. हंबीरराव त्याचं नाव, मुकादम होता इथं. पायाला चिखल. तुमी लय रागावलासा त्याच्यावर. म्हणालासा, ह्या कोपऱ्यात आपल्याला मुतारी बांधायची हाय, आन तुमी तिथं पाय देऊन उभा. दादा म्हणाला, मुतारीत पाय द्यायलाच लागतोय सायेब. तवा तुमीबी हसलासा. आठवलं? — आठवलं. बघा.

तर तुमी छडीनं दाखवत बोलत होतासा, भराभरा, एका शब्दावर दुसरा पडायचा. म्हणालासा, "मध्यभागी कारंजे." आमाला ऐकू आलं, मध्यभागी करंज. हसू नगासा, तुमीच बघा आता. म्हणालासा, चारी रस्ते तिथं येऊन मिळतील — मिळू द्यात, झाडाला रस्ते मिळत न्हाईत व्हय? म्हणालासा, भोवती गोल कट्टा — घाला की, पार म्हणत्यात त्याला. म्हणालासा, पाणी थेट तिथंवर न्यायचं — न्यायला नगं? रोप जळंल. म्हणालासा, सांजच्याला दमलीभागली माणसं येऊन बसतील, गारवा लागंल — आवं, करंजाचाच गुण हाय त्यो. एकच गोष्ट दादाला अडली. तुमी म्हणालासा, ते पुरुषभर उंच उडालं पायजे. दादा घरी आला, जेवाय बसला आन घास हातातच. मला म्हणाला, "गुंड्या, झाड उडतं कसं रं?" मी म्हणालो, पुण्याकडं वाढण्याला उडणं म्हणत असतील. त्याला पटलं. त्यानं पयलीत शाळा सोडलेली, मी दुसरीत — म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन होतं.

आता करंज काय, ओढ्याकाठी बन हाय आमच्यात. वाकून उपटलं तर झालं. पर दादाला ते चालंना. पुण्याचा सायेब नकाशा काढून, छडी टेकवून नाव घेतो म्हंजे झाड खाशा जातीचं असणार. चावडीत कुणीतरी सांगितलं, साताऱ्याला करंजे म्हणून गावच हाय. झालं, गेला साताऱ्याला. तिथं माणसं म्हणाली काय पायजे, ह्यो म्हणाला करंज्यातला करंज. ती म्हणाली, गावाचं नाव हाय ते, झाडाचं आमच्याकडं काय न्हाई, पर एवढ्या लांबनं आलासा तर जेवून जावा. जेवला. शेवटी एका म्हातारीच्या परड्यात हे रोप घावलं. ते मांडीवर घेऊन आगगाडीत बसला — आन बसला उलट्या गाडीत. लोणंदला तिकीट बघणाऱ्यानं उतरवला. त्यानं झाडाचंबी तिकीट मागितलं म्हणं, तर दादा म्हणाला, हे सरकारी झाड हाय, ह्याला लागत न्हाई, चुकलोय ते मी चुकलोय. घरी आला तर आमची आई, बयाबाई — तिला ऐकू कमी — ती म्हणाली, बागंत करंज्या कशापायी ठेवतोस रं, मुंग्या लागतील. तिला समजावता समजावता झाड लावायचा मुहूर्त टळाय आला.

मग पानं फुटली, आन नानासो बघाय आले. आमच्या मुन्शीपाल्टीचे अध्यक्ष. म्हणाले, नळ कुठाय? दादा म्हणाला, नळ कशाला, मी कळशीनं घालतोय की. नानासोंनी कपाळ धरलं आन त्याच बाकावर बसले, तवाच त्याचा पाय गेला. कारंजं म्हंजे पाण्याचा फवारा, हे आमाला त्या दिवशी कळलं. सारं गाव हसलं. बाजारात दादा गेला की फवारा आला, फवारा आला. दादाला राग न्हाई. म्हणायचा, उडंल, उडंल, जरा दम धरा. तवा लोखंड सारं लढाईकडं चाललेलं, नळ मिळंना, म्हणून नानासो म्हणाले, तवर असू दे ते झाड. तसं राहिलं. आन लोखंडामागनं दादाबी गेला. पलटणीत. इटलीला.

तिकडनं कोण रजेवर आला की त्याच्याकडं दादाचा एकच निरोप असायचा — आईला नमस्कार, आन गुंड्याला विचार, किती उडालं? मी सांगून धाडायचो, गुडघ्याएवढं. मग कमरेएवढं. खांद्याला लागलं तवा मी शिराळ्याच्या एका जवानाला सांगून ठेवलं होतं, पर त्याची रजा संपायच्या आधी शिमगा आला आन शिमग्यात आमच्या घरी खबर आली. त्यामुळं खांद्याचं सांगायचं राहिलं.

नकाशा तोच हाय का हो सायेब? त्या नळकांड्यातला? — दाखवा की जरा. न्हाई, मला काय त्यातलं कळत न्हाई, मला फकस्त मुतारीचा कोपरा बघायचाय. ह्यो न्हाई, ही तर फुलझाडं. फिरवा. हां — हाय की. हाय. ह्यो अंगठा. आन ही बोटं, करंगळी जरा लांब पडलीया, त्याची तशीच होती, वहाणंत मावायची न्हाई. तुमी पुसलं न्हाईसा ते बरं झालं. घरी न्हाई ओ काय त्याचं. एक टोपी होती, ती आईनं उशाखाली घेतलीया. माणूसच आला न्हाई तर — धरा, गुंडाळा. वारं हाय. डोळ्यात धूळ जाती माझ्या, ह्या बागंत लय धूळ हाय, तेवढी हिरवळ करा तुमी.

दहावं केलं तवाची गंमत सांगतो. गंमत म्हंजे — ऐका तर. नदीकाठाला पिंड ठेवला आन कावळा शिवंना. झाडावर ढीगभर बसलेले, एकबी खाली उतरंना. मी म्हणालो, दादा, आईला सांभाळतो. न्हाई. म्हणालो, म्हशीला इकणार न्हाई. न्हाई. म्हणालो, बिड्या सोडतो — तवा एक कावळा उडून पार पलीकडं गेला, त्यालाबी पटलं नसंल. ऊन चढलं, भटजी जांभया द्याय लागले. मौला लांब काठावर उभा होता, दादाचा जोडीदार त्यो, लहानपणापासनं. त्यो तिथनं वरडला, "गुंड्या, झाडाचं बोल की येड्या." मग मी हात जोडून म्हणालो, दादा, तुझ्या करंजाला कुणाला हात लावू देणार न्हाई. तोंडातनं शब्द निघाला आन कावळा पिंडावर. आईला ऐकू येत न्हाई, पर तिनं ते बघितलं.

म्हणून म्हणतो सायेब, मौला काय आता येत —

मौला येईल की. कुऱ्हाड आणायलाच — बघा, बोलून बसलो. आता काय लपवायचं. मौला येणार न्हाई. सकाळीच लाकडाच्या कामाला तासगावला गेला, त्याला म्हणालो जा, त्यो म्हणाला जातोच. आन कुऱ्हाड तुमच्या पोत्याखाली हाय. टोचत होतं ते तेच. उठू नगासा घाबरून, धार तिकडच्या अंगाला हाय, मी बघूनच बसवलंय तुमाला. काढायची तर काढा, मी काय तुमाला धरणार न्हाई. तुमी सरकार. नोकरीवरनं काढा मला, राखणदार दुसरा मिळंल. तुमचा नकाशा खोटा हाय असंबी मी म्हणत न्हाई. लढाई सरली, आता नळ आणलाय तर बाजाराच्या फाटकाजवळ बसवा, उडू द्या तिथं पाणी, पोरं नाचतील, दादाचं काय म्हणणं न्हाई. फकस्त मधलं — तुमीच म्हणाला होतासा, पुरुषभर उंच. बघा वर. उभा राहून बघा. टोपी काढा, पडंल. उडालंय का न्हाई?

आता गप. आई आली. त्या फाटकातनं, कळशी कमरेवर — तीच. सांजंला येती रोज, नळाचं पाणी चालत न्हाई तिला, आडाचं आणती. तिला ठावं न्हाई तुमी कशाला आलासा. तिला दादानं सांगितलं होतं की पुण्याच्या सायबानं माझं नाव घेऊन हे झाड लावाय सांगितलं, तेच धरून बसलीया. मी काय सांगणार न्हाई, मला जमायचं न्हाई. कारंज्याचं तुमीच सांगा तिला. मोठ्यानं सांगा, ऐकू कमी येतं.

आई, हे सायेब. पुण्याचे. आगं पुण्याचे — व्हय, तेच, करंजवाले.

आवं, कळशी कशाला घेताय तिच्या हातातनं, लय जड हाय ती. न्हाई? बरं, ओता. बुंध्याशी नगं, आळ्याच्या कडंनं. आन सावकाश, एका धारंनं. फवारा नगं.

हां. तसं.