हद्दीपलीकडची मिल्का

नाताळापूर्वी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये रांग लागली होती. वर सज्जात गाणाऱ्यांचा सराव रंगला होता, पण रांगेतल्या रेझकाचे कान पुढच्या दोघींच्या कुजबुजीकडे होते.

“त्सिल्का, यंदाही डुक्कर नाही पाळलंस?”

“कसं पाळू? गावाच्या विहिरीचं पाणी माझ्या अंगणाखालून जातं. म्हणून माझं अंगण पाणी-संरक्षणाच्या हद्दीत; डुकरं नकोत, शेणखत नको. आणि रस्त्यापलीकडच्या मिल्काला सगळी मोकळीक! डुक्कर कापलं की वर मलाच ताटभर सॉसेज पाठवते.”

“चांगली नसतात का?”

“चांगली असतात, हेच तर दुखणं!”

“मग सरपंचांना सांग ना, तिचंही अंगण हद्दीत घ्या म्हणून.”

“नको गं बाई! आज तिची कॉफीसुद्धा माझ्या अंगणाखालच्या पाण्याची होते. उद्या तीही ‘गावाचं पाणी माझ्या अंगणाखालून जातं’ असं सांगत गावभर मिरवेल!”