दिल्लीहून दिलेला शब्द

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि शेवटच्या रांगेतून मला ‘आवरा’ अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती दीपालीताई,

आज तुम्ही मला निरोप देताय. माझा जीव मात्र आपल्या दिल्लीच्या सत्रात अडकलाय. दरवर्षी एक सत्र आपली मुलं तिथल्या सरकारी कार्यालयांत कामाला जातात. माझ्यामागे ते चालेल का? मघाशी अध्यक्षसाहेब हसून म्हणाले, “चालेल की, पाटील सर!” तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मला साळूबाई आठवल्या.

साळूबाई पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीवर राहतात. मुलगा फौजेत. त्याचा फोन घ्यायला त्यांना टेकडी चढावी लागते. म्हणून त्यांनी मोबाइल टॉवरसाठी अर्ज केला होता. तो आला त्या वर्षी सत्राला गेलेल्या आपल्या क्रांतीच्या टेबलावर. फलटणची पोर, दिल्लीत सातारचा अर्ज बघून हरखली. तिनं फोन लावला, साळूबाई टेकडीवर असताना तो लागला, आणि ती म्हणाली, “होईल की, मावशी.”

आता सांगा, आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कोण म्हणतं? होईल की म्हणायचं, चहा पाजायचा. क्रांतीनं तेच केलं. पण फोन दिल्लीहून होता ना! साळूबाईंनी वाडीभर पेढे वाटले, मुलालाही कळवलं.

पुढे मंजूर टॉवरची यादी लागली. वाडी त्यात नव्हती. कार्यालयाचं छापील उत्तर जाणारच होतं, तेवढ्यानं भागलं असतं. मी क्रांतीला म्हटलं, परत आलीस की घरी नंतर जा, आधी वाडीवर जाऊ. वाडीवर पोर एकटीच आत गेली. मलाही वाईट वाटत होतं, पण मी मुद्दामच बाहेर ओट्यावर बसलो.

आतून रडण्याचा आवाज आला, तो क्रांतीचा. मग साळूबाई म्हणाल्या, “हुईल म्हणणारी लय आली, पोरी. हुणार न्हाई म्हून सांगाया डोंगर चढून तूच आलीस. बस, च्या टाकते.”

टॉवर अजून झालेला नाही. क्रांतीचा पाठपुरावा चालू आहे.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मी तुमचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि अध्यक्षसाहेब, सत्र चालू राहिलं तर मला मुलांकडून कळेलच. बंद करायची वेळ आली तर मात्र पत्र धाडू नका. घरी या आणि समोर बसून सांगा. चहा मी टाकीन.