रोलिग

माल्मोहून पुलावरनं कोपनहेगनला निघालेल्या गाडीत समोरच्या मायलेकींची जुंपली, तसं मेल्करने कानातलं गाणं बंद केलं.

"आई, त्या कोपनहेगनच्या प्रेबेनने तुला 'रोलिग' म्हटलं म्हणून घर सोडून चाललीस?"

"मला गमतीशीर कोणी म्हटलंच नव्हतं गं."

"ते आपल्या स्वीडिशमध्ये. त्यांच्या डॅनिशमध्ये रोलिग म्हणजे शांत."

"शांत? मी?"

"हो. पुढे विमानतळाच्या स्टेशनवर उतरून परत जाऊ."

"तू जा. तुझे बाबा मला चाळीस वर्षं भांडकुदळ म्हणत होते. शांत म्हणणारा सोडू होय?"

पूल संपला आणि गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरली.

"म्हणजे त्याच्याकडे राहणारच?"

"राहणार. रोलिग राहणार."

"आपलं रोलिग की त्यांचं?"

"दोन्ही. पिशवी धर, केस विंचरते."