आबांनी न सांगितलेला ओटीपी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीत शाळा सुटली, साधंच लिहितो.

बहिणीच्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला शेवटचे दोन दिवस उरले होते. मी कडेगावात सेतू केंद्रात बसलो, पण तिच्या आधारला आबांचा नंबर, आणि आबा मेंढरं घेऊन कराडकडं. ओटीपी तिकडं गेला. मी फोन लावला.

"आबा, आत्ता आलेला आकडा सांगा."

"न्हाई. बँकेतल्या सायबानं बजावलंय, कुणालाबी सांगायचा न्हाई."

"आवं, मी तुमचा पोरगा!"

"समदे आसंच म्हणत्यात. आपल्या लंगड्या मेंढीचं नाव सांग."

"बिजली."

"व्हय रं, तूच हायस."

तोवर ओटीपीची वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या तळावर जाऊन फोनवर अर्ज भरला. ओटीपी मात्र आबांनी माझ्याकडं पाठ करून स्वतःच टाकला.