दों ब्राझचं काश्यप गोत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय कमलाकरराव, व्यासपीठावरच्या कौन्सिलर नीनाताई, आपल्या नॉटिंगहॅम मंडळाचे सर्व सभासद, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेली तरुण मंडळी, सर्वांना सुलक्षणाचा सविनय नमस्कार.

नवऱ्याच्या निरोपाला बायकोच्या हातात माइक देऊ नये, हे कमलाकररावांना कोणी सांगितलं नाही का?

आमचे हे, म्हणजे शशिधर, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे. ते रिटायर झाले आणि आमच्या घरी एक पाहुणा मुक्कामाला आला. दों ब्राझ द सेर्काल, पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख. ह्यांनी त्याचं चरित्र लिहायला घेतलं. चारशे वर्षांपूर्वी वारलेला, तेवढाच काय तो चहा वाचला!

त्याची कहाणी तुम्ही ह्यांच्या तोंडून ऐकलीच आहे. साधा खलाशी म्हणून जहाजावर चढला, फाटक्या शिडांनिशी वादळातून अख्खा ताफा किनाऱ्याला लावला, पुढे कोकणातल्या ठाण्यांचा गव्हर्नर झाला. मग राजाची मर्जी फिरली, परत बोलावलं, आणि वाटेतच तापाने गेला. हे सांगताना ह्यांचा चहा गार व्हायचा. पण ह्याच दों ब्राझने माझ्या माहेरची, शिरखाडीची गलबतं पोर्तुगीजांचा परवाना नाही म्हणून माणसांसकट जाळली, त्याचं काय? हे म्हणायचे, "अगं, तो काळच तसा होता." मी म्हणायचे, "काळाने काडी ओढली का?"

एका सर्वपित्रीला गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तर्पण सांगत होते. आईवडील झाले, आजोबा झाले. गुरुजींनी विचारलं, "आणखी कोणी आप्त, स्नेही?" आमचे हे डोळे मिटून म्हणाले, "दों ब्राझ."

"गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप म्हणा."

झालं! माझ्या किचनमध्ये, माझ्या डब्यातल्या तिळांनी त्या मेल्याला पाणी मिळालं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणि शिरखाडीच्या माणसांना कोण देणार?" ह्यांनी डोळे उघडले. मग पुन्हा तीळ घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, अजून आहेत. नावं ठाऊक नाहीत."

त्यानंतर हे लिस्बनला जाऊन कागद धुंडाळून आले, आणि पुस्तकात त्या गलबतांवर नवं प्रकरण लिहिलं.

आता तुम्ही मघापासून टेबलाकडे बघताय. निरोपाबरोबर प्रकाशनही आजच होतं ना, मग पुस्तक कुठाय? नाहीये. गेल्या आठवड्यात प्रकाशकांचा फोन आला. शूर दर्यावर्दीचं चरित्र आहे, ते जळिताचं प्रकरण तेवढं काढा, नाहीतर छापत नाही. ह्यांनी या पुस्तकापायी सगळी रिटायरमेंट घालवलीय हो! शेवटी मीच म्हटलं, "अहो, काढून टाका. पुस्तक तरी निघू दे." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोनवर सांगितलं, "सॉरी. मग पुस्तकच नको." त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मी भांडखोर बाई, कौतुक मला जमत नाही. पण मला ह्यांचा फार अभिमान वाटतो. घरी कधी म्हटलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते.

पुढच्या महिन्यात आम्ही लेकीकडे, मंजिरीकडे कार्डिफला राहायला जातोय. तुम्ही इतकी वर्षं जीव लावलात, त्याबद्दल आम्हा दोघांकडून मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर घरचं माणूस म्हणून पोटात घाला. आणि हो, जेवण अर्धा तास थांबवायला मी केटरिंगवाल्यांना परस्पर सांगितलंय, त्याचीही माफी असावी.

अहो, उठा, या इकडे. ते प्रकरण मी पर्समधून आणलंय. वाचा.